पावतीच्या पाठीवर



बऱ्याच जणांनी विचारलं (त्यात माझे दोन भाचे आणि पुण्याच्या नणंदबाई आल्याच), की या वयात तुम्ही इंटरनेटवरचं हे सगळं शोधता कुठून? कधी जुन्या कोशातला शब्द पाठवता, कधी पन्नास वर्षांपूर्वीच्या 'किशोर'चं पान पाठवता, घरात यांना पुस्तकं ऐकवता. आम्हाला तर तिथे जाहिराती आणि भांडणं सोडून काही सापडत नाही!

खरं सांगू का, मी काहीच शोधत नाही. मला ते आयतं मिळतं. देणारी आहे आमच्या निलंग्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल. वाचनालयाचं नाव लिहीत नाही, तिचंही नाही. गावातल्यांना न सांगता कळेल आणि बाहेरच्यांना कळून उपयोग नाही. ती माझी विद्यार्थिनी. आठवीत असताना तिच्या निबंधाच्या वहीत मी 'अक्षर सुधारावे' असा शेरा मारला होता, तो ती अजून चारचौघांत ऐकवते. (अक्षर अजूनही सुधारलेलं नाही.)

तिच्या टेबलाच्या खणात वर्गणीची जुनी पावतीपुस्तकं आहेत. दर बदलला म्हणून बाद झालेली, न वापरलेली. टाकून द्यायचं तिच्या जिवावर येतं. त्या पावत्यांच्या कोऱ्या पाठीवर ती चिठ्ठ्या लिहिते. चिठ्ठीवर एका संकेतस्थळाचं नाव, आत गेल्यावर कुठे बोट लावायचं ते, आणि खाली, "बघून झाल्यावर सांगा." एका माणसाला एका वेळी एकच चिठ्ठी. दुसरी मागितली तर म्हणते, "आधी पहिलीचं काय झालं ते सांगा की बाई."

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हाचं आठवत असेल तुम्हाला. वाचनालयांना कुलपं. आपल्याकडे ती उघडायला ऑक्टोबरचा मध्य उजाडला. मधल्या त्या महिन्यांत मोबाईलवर याद्यांचा नुसता पाऊस! 'घरबसल्या ज्ञान मिळवा', 'मुलांसाठी शंभर उपयुक्त संकेतस्थळे', असं कायकाय. एकच यादी मला चार नातेवाइकांकडून आली. मी शिक्षिका, त्यामुळे वहीत टिपून एकेक उघडून पाहायला बसले. काही पत्ते बंद पडलेले, काही पैसे मागणारे, काही नुसतेच 'लवकरच येत आहे' म्हणणारे. यादी करणाऱ्यानं स्वतः त्यातलं काही उघडून पाहिलेलं नाही, हे चौथ्या-पाचव्या पत्त्याला कळतंच. गृहपाठ न तपासता बरोबरच्या खुणा करणारे शिक्षक असतात ना, तसलाच प्रकार.

यावर तिचं म्हणणं साधं आहे. "टेबलावर पन्नास पुस्तकं ओतली तर माणूस एक बी नेत नाही बाई. दोन ठेवली तर एक नेतो."

ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्यांना डॉ. एस. आर. रंगनाथन यांचे पाच सिद्धांत पाठ करावे लागतात, १९३१ चे. तिनंही सहा महिन्यांच्या प्रशिक्षण वर्गात ते पाठ केले होते. वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचावा, अशा साध्याच गोष्टी आहेत त्या. रंगनाथन मुळात गणित शिकवायचे, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्याच्याही आधी, १९१० मध्ये, सयाजीराव महाराजांनी बोर्डन नावाचे ग्रंथपाल अमेरिकेहून बडोद्याला बोलावून घेतले आणि पुढे त्या संस्थानात खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. त्या पेटीत काय घालायचं हे कुणीतरी बसून ठरवत असणारच. शेतकऱ्यांच्या गावाला काय, बायकांना काय, पोरांना काय. मला आमच्या ग्रंथपालाची चिठ्ठी त्याच जातीची वाटते. पेटी गेली, पत्ता आला.

आता आमच्या घरातलं सांगते.

यांची नजर एकदम गेली नाही. हळूहळू मधलं दिसेनासं झालं. कडेचं दिसतं, मधलं नाही. म्हणजे दारातून माणूस आत आलेला कळतो, पण चेहऱ्याच्या जागी धूसर डाग. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, मॅक्युला म्हणतात त्याला, तो वयानं झिजतो. लातूरच्या डॉक्टरांनी नीट चित्र काढून समजावून सांगितलं. वाचायला लागतो तो नेमका मधलाच भाग.

पाटबंधारे खात्यात जन्म काढलेला माणूस. सकाळी चहाबरोबर पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, दुपारी जेवण झाल्यावर पुस्तक. चरित्रं आणि रहस्यकथा, दोन्ही सारख्याच श्रद्धेनं. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड म्हणजे यांच्या तरुणपणाचे सोबती. नजर गेल्यावर हे सगळं बंद. पण मला सांगितलं नाही, कुणालाच नाही. ओसरीवर पेपर धरून बसायचे आणि वेळच्या वेळी पान उलटायचे. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, वाचतायत. मी रोज बघत होते आणि काही बोलत नव्हते. काय बोलणार?

वाचनालयातून आणलेलं त्यांचं शेवटचं पुस्तक घरी तीन महिने पडून होतं. ते परत करायला मीच गेले. विलंबशुल्क काढून ठेवलं होतं. तिनं नोंदवहीत तारीख बघितली आणि पैशाचं न बोलता म्हणाली, "काकांनी आजवर एकदा बी पुस्तक उशिरा दिलेलं नाही. तब्येत बरी हाय ना?"

मग मी सांगितलं. घरातल्या माणसांनाही तोवर इतकं सविस्तर सांगितलं नव्हतं.

तिनं हळहळ व्यक्त करण्यात वेळ घालवला नाही. प्रश्न विचारले. ऐकू कसं येतं? फोन कुठला आहे? बटणाचा की साधा काचेचा? दुपारी घरात मदतीला कोण असतं? आवाज बाईचा आवडतो की बुवाचा? (हा प्रश्न मला विचित्र वाटला होता. नंतर कळलं, सगळ्यात महत्त्वाचा तोच होता.) त्या दिवशी चिठ्ठी नाही दिली. चार दिवसांनी दिली. त्यावर लिहिलं होतं, 'सुगम्य पुस्तकालय'.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी गरज असेल तर हे नीट वाचा. ज्यांना छापील अक्षर वाचता येत नाही, मग ते अंध असोत, नजर अधू झालेले असोत किंवा हाताच्या अपंगत्वामुळे पुस्तक धरू न शकणारे असोत, त्यांच्यासाठी हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालं. डेझी फोरम ऑफ इंडिया ही संस्था, केंद्र सरकारचा अपंगांसाठीचा विभाग आणि टीसीएस यांनी मिळून उभं केलेलं. त्यात मराठी पुस्तकंही आहेत. सभासद व्हायला वाचता येत नसल्याचा पुरावा लागतो, म्हणजे डॉक्टरांचं प्रमाणपत्र. काही पुस्तकं यंत्राच्या आवाजात ऐकायची असतात, काही माणसांनी वाचून ध्वनिमुद्रित केलेली असतात.

पहिला आठवडा यांनी नुसत्या तक्रारी केल्या. यंत्रातली बाई पूर्णविरामाला थांबत नाही. अनुस्वार गिळते. 'म्हणाला' आणि 'मेला' एकाच सुरात म्हणते, कुणी मेलं तरी हिला काही नाही! मी गुपचूप जाऊन हे सगळं ग्रंथपालाला सांगितलं. ती हसली नाही. दुसऱ्या चिठ्ठीवर तिनं माणसाच्या आवाजातलं पुस्तक कसं निवडायचं ते लिहून दिलं आणि वेग कमी करायचं बटण कुठे असतं त्याचं चित्र काढलं. चित्र तिच्या अक्षरापेक्षा बरं होतं.

त्यानंतर एकदा रात्री मला जाग आली तर हे अंथरुणात बसलेले, कानात ते यंत्र. म्हटलं, "काय हो, बरं वाटत नाही का?" तर हात वर करून मला गप्प केलं. चरित्रनायक तुरुंगात होता म्हणे, मध्येच सोडता येईना.

पेपर धरून बसणं थांबलं. मी काही विचारलं नाही आणि त्यांनीही काही सांगितलं नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आपल्या नातेवाइकांच्या गटावर पुस्तकांच्या पीडीएफ येत असतात. ग्रंथपाल असली पीडीएफ कुणालाही देत नाही. आपल्या कायद्यात लेखक वारल्यानंतर साठ वर्षं कॉपीराइट असतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून २०११ च्या १ जानेवारीपासून त्यांचं लेखन सर्वांना मोकळं झालं. विकिस्रोतासारख्या ठिकाणी असली जुनी पुस्तकं राजरोस वाचता येतात. पु. ल. गेले २००० मध्ये. म्हणजे २०६० संपेपर्यंत थांबायला हवं. मी तेव्हा एकशे दहा वर्षांची असेन. तोवर पुस्तक विकत घ्या किंवा वाचनालयात या, असं तिचं म्हणणं. अर्नाळकर गेले १९९६ मध्ये, त्यांचंही तेच. मात्र यांच्यासारख्या लोकांसाठी कायद्यानंच सवलत ठेवली आहे. २०१२ मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. मग २०१३ मध्ये मोरोक्कोतल्या मराकेश शहरात देशादेशांचा करार झाला, आणि २०१४ मध्ये त्याला सगळ्यात आधी मान्यता दिली ती भारतानं. त्यामुळे कॉपीराइट असलेलं पुस्तकही अशा वाचकासाठी ऐकण्याजोगं करता येतं. हे मला तिनं सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. आपल्या देशानं पहिला नंबर काढला की एरवी केवढा गाजावाजा होतो, याचा कसा नाही झाला कोण जाणे.

असो. आता नातवाचं.

तो पुण्याला इंग्रजी शाळेत, चौथीत. मे महिन्यात आला की फोन हातातून सुटत नाही. त्याला वाचनालयात घेऊन गेले तर हा तिच्या टेबलावरचा स्टेपलर उघडून स्प्रिंग बाहेर काढतोय. मी डोळे वटारले. तिनं त्याला विचारलं, "अजून काय काय मोडायला आवडतं तुला?" पोरगं खूश! घरी काय काय मोडलंय त्याची यादीच दिली त्यानं.

त्याला चिठ्ठी मिळाली अरविंद गुप्तांच्या खेळण्यांची. नाव ऐकलं असेल तुम्ही. आयआयटीत शिकलेले अभियंते, टेल्कोत नोकरी. १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या प्रयोगात गेले आणि तिथे आगपेटीच्या काड्या नि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून खेळणी करायला लागले. पुढे पुण्यात आयुकाच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात कितीतरी वर्षं होते. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. टाकाऊतून केलेली खेळणी, त्यांच्या छोट्या छोट्या फिती, शिवाय मुलांची असंख्य पुस्तकं, सगळं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट. मराठीतही भरपूर आहे.

सायकलच्या दुकानात मीटरभर नळी मागितली तर दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. म्हटलं, नातवाला पाहिजे. त्यानं दिली. काड्यांचा गुल मी आधी खरवडून काढला. नळीच्या तुकड्यांत काड्या खुपसून पोरानं चौकोन केला. तो दाबला की कलंडायचा. मग त्रिकोण केला, तो काही केल्या हलेना. "आजी, हा का नाही मोडत?" मला कुठलं येतंय! मी मराठीची शिक्षिका. ओसरीवरून हे म्हणाले, "इकडं आण." बोटांनी चाचपून बघितला आणि म्हणाले, "ही कैची आहे. पत्र्याच्या शेडला असते ती." मग आजोबा आणि नातू दोन तास. पूल झाला, मनोरा झाला. एकाला दिसत नाही, दुसऱ्याला मराठीत शब्द सापडत नाहीत, पण काम अडलं नाही.

दोन दिवसांनी पोरगा आपणहून चिठ्ठी आणायला गेला. या वेळी 'किशोर'. बालभारतीचं हे मासिक १९७१ च्या नोव्हेंबरात सुरू झालं, आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं संकेतस्थळावर मोफत ठेवलेत. तिनं चिठ्ठीवर लिहिलं होतं, "तुझे पप्पा चौथीत होते त्या वर्षीचा दिवाळी अंक काढ." पोरानं बापाला फोन करून वर्ष विचारलं. मराठी वाचताना अडखळत होता, एकेका जोडाक्षराशी झटापट चालली होती, पण पप्पांच्या वेळचं कोडं त्याला सोडवायचंच होतं. यात मनोरंजन किती आणि शिक्षण किती, हे मला अजून सांगता येणार नाही. पस्तीस वर्षं शिकवूनही!

मला स्वतःला मिळालेल्या चिठ्ठ्यांपैकी सगळ्यात लाडकी म्हणजे कोशांची. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती, आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहेत. शब्द घाला, अर्थ बघा. नातवानं एकदा विचारलं, माळवद म्हणजे काय? मी कोशात शोधून त्याला दाखवलं. निलंग्यातल्या बाईनं शिकागोचा पत्ता द्यावा आणि तिथे आपल्याकडचं माळवद सापडावं, गंमतच आहे.

पण माळवद हा शब्द आमच्या भागात नुसता कोशातला नाही. जाड भिंती आणि वर मातीचं जड छप्पर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला तीच माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, लोक विसर्जनाहून दमून आलेले. किल्लारी, सास्तूर, अशी बावन्न गावं जमीनदोस्त झाली. आम्ही निलंग्यात अंगणात उभे होतो, मुलगा माझ्या पदराला धरून. तो आवाज आधी आला की हादरा आधी, यावर आमचं घरात अजून एकमत नाही. पण आवाज विसरलेलं कुणी नाही.

म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या हासोरी गावात जमिनीतून गुडगुडल्यासारखे आवाज यायला लागले, तेव्हा पन्नाशीच्या पुढचा माणूस रात्री झोपेना. सौम्य धक्क्यांची नोंदही झाली. आणि मोबाईलवर सुरू झालं. अमक्या रात्री मोठा भूकंप होणार. तमक्या शास्त्रज्ञानं सांगितलंय. सरकार लपवतंय. एका फितीत तर भलत्याच देशातली पडकी घरं दाखवून खाली 'लातूर' लिहिलं होतं.

ग्रंथपालानं दारातल्या फळ्यावर, जिथे नवीन पुस्तकांची नावं लिहितात तिथे, सगळं पुसून मोठ्या अक्षरात लिहिलं: भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगणं जगात कुणालाही जमलेलं नाही. झालेल्या धक्क्याची नोंद इथे बघा. आणि खाली राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या संकेतस्थळाचा पत्ता. दिल्लीच्या या केंद्राच्या संकेतस्थळावर देशात नोंदल्या गेलेल्या धक्क्यांची वेळ, जागा, खोली आणि तीव्रता दिलेली असते. त्यांचं 'भूकॅम्प' नावाचं ॲपही आहे. त्या दिवसांत पेपर वाचायला येणारी म्हातारी माणसं पेपर सोडून तिच्या टेबलाशी जमायची. ती आपल्या फोनवर ते पान काढून दाखवायची. मग मराठी विश्वकोशातली भूकंपाची नोंद उघडून समजावून सांगायची, की तीव्रतेचा आकडा एकानं वाढला म्हणजे ऊर्जा सुमारे बत्तीस पटींनी वाढते. दोनचा धक्का आणि किल्लारीचा सहाच्या वरचा धक्का यांत लाखो पटींचा फरक आहे. एका आजोबांनी विचारलं, मग तेरणेच्या धरणानं झाला म्हणतात ते? तिनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. धरणाच्या पाण्याचा संबंध असावा का, यावर शास्त्रज्ञांमध्ये वाद झालेला आहे, एवढंच सांगितलं. मला हे फार आवडलं. जेवढं ठाऊक तेवढंच सांगणं वर्गात मुलांसमोरही सोपं नसतं, आणि इथे तर घाबरलेली माणसं होती.

भीती गेली असं नाही. पण आमच्या गल्लीत निरोप पुढे ढकलण्याआधी 'वाचनालयात विचारून येतो' म्हणणारी दोन-तीन माणसं तयार झाली.

आता जरा कडू बोलते. हे सगळं ती कुठल्या खात्यात टाकणार? सार्वजनिक ग्रंथालयांना १९६७ च्या कायद्याप्रमाणे सरकारी अनुदान मिळतं. अ, ब, क, ड असे वर्ग असतात. वर्ग ठरतो तो पुस्तकं किती, सभासद किती, वृत्तपत्रं-मासिकं किती यांवर. पुस्तक दिलं की नोंद, परत आलं की नोंद. यांना मिळालेल्या चिठ्ठीची नोंद कुठल्याच रकान्यात बसत नाही. उलट माझे हे आता पुस्तक नेत नाहीत, म्हणजे हिशेबात एक वाचक कमीच झाला! २०१२ नंतर अनुदान वाढलं ते थेट २०२२ मध्ये, साठ टक्के. ऐकायला मोठं वाटतं, पण मूळ आकडाच एवढा लहान की त्यातून कर्मचाऱ्याच्या हातात पडतं ते सांगायला मला संकोच वाटतो. चिठ्ठीवरचं प्रत्येक संकेतस्थळ ती आधी स्वतः उघडून बघते, तेही स्वतःच्या रिचार्जवर.

एका गृहस्थांनी तर तिला सगळ्यांसमोर विचारलं, की वाचनालयात मोबाईल दाखवायचा पगार घेता का? आतल्या खोलीत स्पर्धा परीक्षेची पोरं बसतात, लातूर पॅटर्नचं वारं आमच्याकडेही आहेच. त्यांच्यातल्याही एकानं कुरकुर केली की बाई लहान पोरांशी खेळत बसतात. त्या पोराला तिनं आयआयटी खरगपूरनं चालवलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाची चिठ्ठी लिहून दिली, जुन्या प्रश्नपत्रिका कुठे मिळतात त्या खुणेसह. पोरगा गप्प. त्या गृहस्थांना मात्र तिनं काही उत्तर दिलं नाही. तिनं एक शंभर पानी वही घातली आहे. तारीख, कुणाला, काय दिलं, आणि शेवटचा रकाना, 'परत येऊन काय सांगितलं'. तपासणीला येणारे साहेब ती वही बघतील की नाही कोण जाणे. बघायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. देवघेव म्हणतात ती हीच, त्यात घेव सुद्धा आहे.

त्या वहीत एक नाव असं आहे की ज्यांना वाचताच येत नाही. वाचनालय झाडायला येणाऱ्या आजी. ऐंशीला टेकल्यात, सून आजारी पडली की तिच्या जागी स्वतः येतात. त्यांना काय चिठ्ठी देणार? पण 'पारी' नावाच्या संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्यांचा मोठा संग्रह आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी नि त्यांच्या सोबत्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जमवलेल्या, एक लाखाहून जास्त ओव्या. बायकांच्या स्वतःच्या आवाजात ऐकायलाही मिळतात. २०१७ पासून त्या तिथे एकेक करून येताहेत. ग्रंथपालानं एके दुपारी फोन टेबलावर ठेवला आणि आजींना ऐकवल्या.

आजी केरसुणी हातात धरून उभ्याच. दोन ऐकल्या, तिसरीला मान हलवली. "ही आमच्याकडं अशी न्हाई म्हणत." आणि कशी म्हणतात ते म्हणून दाखवलं. मग आणखी एक. ती फोनवर नव्हतीच.

ग्रंथपालानं मला बोलावून घेतलं, कारण तिचं अक्षर! आता शनिवारी दुपारी आजी म्हणतात, ती फोनवर मुद्रित करते आणि मी लिहून घेते, त्याच बाद पावत्यांच्या पाठीवर. आतापर्यंत तेवीस झाल्यात. काही शब्द मला अडलेत. त्यांतले दोन कोशातही सापडले नाहीत. उदगीर-देवणीकडच्या कुणा नातलगाच्या घरी जात्यावर बसलेल्या आजी-पणजी असतील तर कळवा, शब्द फोनवर विचारीन. दुपारी दोन ते चार सोडून. तेव्हा यांचं पुस्तक चालू असतं, आणि मध्ये बोललेलं चालत नाही.